एकनळीची बाजू

शेतकऱ्याच्या घरातल्या जुन्या एकनळी बंदुकीविषयी आज दोन पक्ष हिरिरीने बोलतात. पहिला म्हणतो, या बंदुका सरकारजमा करून वितळवून टाका. आता फटाके आहेत, सौरकुंपण आहे, नुकसानभरपाई आहे, बंदुकीची गरज उरली नाही. दुसरा म्हणतो, बंदूक ठेवा, पण तिला कामाची करून घ्या. नळी आखूड करा, मोठे काडतूस बसेल असे चेंबर कोरून घ्या, जमल्यास आत दुसऱ्या मापाची नळी बसवा. दोघे एकमेकांना विरोधक समजतात. पण एकदा बार काढला की बंदूक उघडून दुसरे काडतूस हाताने घालावे लागते, हा त्या बंदुकीतला उणेपणा आहे, हे दोघांनाही मान्य आहे. पहिल्याला त्यामुळे ती भंगारात घालायची आहे आणि दुसऱ्याला त्यामुळेच ती बदलायची आहे. माझा वाद या समान गृहीताशी आहे. एकच बार हा उणेपणा नाही. शेताच्या राखणीला बसणाऱ्या माणसाच्या हाती बंदूक द्यायचीच असेल तर ती अशीच असली पाहिजे.

परवान्यावर तिची नोंद ‘एस.बी.बी.एल.’ अशी असते, म्हणजे एका नळीची, मागून भरायची. गावात तिला काडतुसाची बंदूक म्हणतात, कारण शेजारच्या घरात कदाचित ठासणीची असते, तोंडातून दारू ठासून आणि केप लावून उडवायची. एकनळीची रचना साधी आहे. नळी एका बिजागरीवर बसलेली असते. खटका दाबला की ती पुढे झुकते आणि मागचे तोंड उघडे पडते. तिथल्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, काडतूस घालायचे, नळी वर करून बंद करायची, अंगठ्याने घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. आत न मॅगझिन आहे ना पट्टा, पुढचे काडतूस आपोआप वर येण्याची सोय नाही. बहुतेक बंदुका बारा बोअरच्या, म्हणजे नळीचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. मापाचा हिशेब जुना आहे: एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. आत आटे नसतात, नळी गुळगुळीत असते.

आता पहिल्या पक्षाच्या आक्षेपांकडे वळतो.

त्यांचा सगळ्यांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. घरात शस्त्र म्हणजे धोका, हे खरे आहे आणि ते मी हलके करून सांगणार नाही. पण धोका मोजायचा तर शस्त्राशस्त्रांतला फरक पाहावा लागतो. ही बंदूक उघडून हातावर टाकलेली असली की दहा पावलांवरच्या माणसालाही दिसते की ती उडू शकत नाही. पिस्तुलाच्या किंवा पंपाच्या बंदुकीच्या बाबतीत हे फक्त धरणाऱ्याला ठाऊक असते, आणि कधीकधी त्यालाही नसते. चेंबरमध्ये एक गोळी राहून गेली, ही बंदुकीच्या अपघातांची जुनी कहाणी आहे. एकनळीत राहून जायला जागा एकच, आणि ती उघडली की नळीच्या आरपार उजेड दिसतो. शिवाय खालचे लाकूड काढले की नळी वेगळी आणि दस्ता वेगळा होतो. नळी एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसे तिसरीकडे कुलपात, अशी ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. ही शिस्त आजही कोणालाही पाळता येते, तिला पैसा लागत नाही.

‘या बंदुका गुन्ह्यांत वापरल्या जातात’ हा दुसरा आक्षेप तर वस्तुस्थितीला धरून नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग बंदुकीने झालेल्या खुनांत परवान्याची आणि बिनपरवान्याची शस्त्रे वेगळी दाखवतो, आणि त्यात बिनपरवान्याच्या शस्त्रांचा वाटा वर्षानुवर्षे कितीतरी मोठा राहिला आहे. गुन्हेगाराला लपवता येणारे हत्यार लागते. तीस इंच नळीची, खांद्याला लावायची, एकदा उडाल्यावर उघडावी लागणारी आणि जिचा क्रमांक पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत आहे अशी बंदूक त्याच्या काय कामाची? गावठी कट्टे बनवणारा माणूस कोणत्याही सरकारजमा मोहिमेत रांगेत उभा राहत नाही. रांगेत उभा राहतो तो परवाना नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून तालुक्याला हेलपाटे घालणारा शेतकरी.

कायदा करणाऱ्यांना हा फरक कळत होता. १८७८चा शस्त्र कायदा परकी सरकारने आपल्या भीतीपोटी केला होता. १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, तो या पार्श्वभूमीवर. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमाने सर्वांना सर्व काही खुले केले नाही, पण एक विवेक केला. कलम १३ म्हणते की नागरिकाला संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना द्यावा. आणि ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल. इतर शस्त्रांसाठी अर्जदाराने सबळ कारण दाखवायचे. म्हणजे लांब, गुळगुळीत, संथ बंदूक ही कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या जातीची आहे. या बंदुकीला सरसकट ‘शस्त्रसंस्कृती’च्या खात्यात टाकणाऱ्यांनी निदान ते कलम एकदा वाचावे.

आणि या विवेकाला भौतिक आधार आहे. गुळगुळीत नळीतून सुटलेला छर्रा लवकर दमतो. बारीक छर्ऱ्यांचा नेमका उपयोग पस्तीस-चाळीस यार्डांपर्यंत, आणि ते जमिनीवर येतात अडीच-तीनशे यार्डांत. जाड छर्रे सातशे-आठशे यार्ड जाऊ शकतात, म्हणून मागे काय आहे हे पाहूनच बार काढायचा असतो. रायफलची गोळी मात्र तीन-तीन किलोमीटर जाते. कोकणात वाडीला लागून वाडी आहे, बागेच्या गडग्यापलीकडे दुसऱ्याची पाणंद आहे. अशा मुलखात कोणती बंदूक असावी याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

‘फटाके वाजवा’ असे सांगणाऱ्यांनी रानडुकराच्या कळपाशी एक हंगाम काढावा. पहिल्या चार रात्री फटाक्याला कळप पळतो. मग त्याला कळते की आवाजामागे काहीच नाही, आणि तो भाताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नासधूस करतो. बंदुकीच्या बारालाही जनावर सरावते, पण तिच्यामागे माणूस चालत येतो, बत्ती घेऊन येतो, जागा बदलतो. राखण ही माणसाची असते आणि बंदूक त्याच्या हातातली वस्तू आहे. प्रत्यक्षात पीकसंरक्षणाच्या बंदुकीतून निघणारे बहुतेक बार हवेतच जातात, हे राखणीला बसणारा कोणीही सांगेल. सौरकुंपण चांगले आहे, ज्यांना परवडते आणि ज्यांची जमीन एका जागी आहे त्यांनी ते जरूर घालावे. पण ज्याची दहा गुंठे इथे, पाच गुंठे ओहोळापलीकडे, आणि मधे भाऊबंदांची पडीक, तो काय काय वेढणार?

या वादात सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न असा आहे: बंदूक गेल्यावर तिच्या जागी काय येते? शांतता येत नाही. तिथे थेट विजेच्या खांबावरून आकडा टाकून शेताभोवती सोडलेली तार येते. झुडपात लावलेली फासकी येते. डुकराने चावला की तोंडात फुटणारा गावठी बॉम्ब येतो. विदर्भापासून कोल्हापूर-सिंधुदुर्गापर्यंत या तिन्हींच्या बातम्या वाचायला मिळतात, आणि त्यांत मेलेले केवळ डुक्कर नसते. तारेला चिकटून शेजारचा शेतकरी मरतो, पहाटे पाणी लावायला निघालेला गडी मरतो, विदर्भात वाघ मरतो. फासकीत कमरेला आवळलेला बिबट्या दिवसभर तडफडतो. बॉम्ब चरायला सोडलेल्या गाईचा जबडा उडवतो. तार, फासकी आणि बॉम्ब यांना समोर कोण आहे हे दिसत नाही, आणि ते लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. बंदुकीमागे मात्र जागा माणूस लागतो. त्याला पाहावे लागते, ओळखावे लागते, नेम धरावा लागतो आणि झालेल्या गोष्टीची जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी लागते, कारण परवाना त्याच्या नावावर आहे. वन्यजीवांच्या कळवळ्याने एकनळी काढून घ्या म्हणणाऱ्यांनी या अदलाबदलीचा हिशेब मांडलेला मला अजून कुठेही वाचायला मिळालेला नाही.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही शिकारीचे समर्थन करता. नाही. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ११ खाली पिकाला उपद्रव देणाऱ्या काही प्राण्यांबाबत वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. रानडुक्कर त्या वाटेने येते. गवा आणि हत्ती येत नाहीत, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर कोकणातले माकडही पहिल्या अनुसूचीत गेले आहे. म्हणजे दोडामार्गातल्या हत्तीवर किंवा काजूच्या बागेतल्या माकडावर नेम धरण्याचा अधिकार या बंदुकीने कोणाला मिळत नाही. राखणीच्या परवान्यावर रात्री टोळकी जमवून हाकारे घालणारे, साळिंदर-पिसई मारून मटणाचे वाटे घालणारे लोक आहेत. अशा पारधीत झाडीतली हालचाल पाहून बार काढला आणि आपलाच सोबती मेला, अशा घटनाही कोकणात घडल्या आहेत. ते परवानाधारक होते म्हणून मी त्यांची बाजू घेणार नाही. त्यांचा परवाना कलम १७ खाली रद्द व्हावा आणि खटलाही चालावा. पण त्यांच्यासाठी राखणीला बसलेल्या माणसाची बंदूक काढून घेणे हा न्याय नव्हे.

निवडणुकीच्या काळातला जाचही बंदुका जमा करा म्हणणाऱ्या पहिल्या पक्षाच्याच विचारसरणीतून आला आहे. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. हा सरसकट प्रकार चुकीचा आहे, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार व्हायला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे आणि त्यासाठी छाननी समितीची पद्धतही आहे. तरी प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी गावच्या गाव बंदुका जमा करते. वेळ पाहा. २०१९च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले, २०२४चे २० नोव्हेंबरला. कोकणात भात पिवळे होऊन कापणीला येते तो हाच काळ. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हा काजू आणि आंबा असतो. वर्षभर कपाटात राहिलेली बंदूक जेव्हा हवी असते नेमकी तेव्हा ती ठाण्यात पडलेली असते, आणि परत येते तेव्हा ओलीने गंजलेली येते. गुन्ह्याची नोंद नसलेल्या पीकसंरक्षण परवानाधारकाला छाननी समितीने आपणहून वगळावे, त्याला अर्ज करत फिरायला लावू नये, एवढी साधी मागणी आहे.

आता दुसरा पक्ष. यांच्याशी माझे भांडण जास्त जवळचे आहे, कारण हे बंदुकीवर प्रेम करणारे लोक आहेत आणि त्यांच्याच हातून तिचा घात होतो आहे.

त्यांचा आवडता सल्ला नळी आखूड करण्याचा. लांब नळी झाडीत अडकते, आखूड सुटसुटीत होते, असे सांगतात. जुन्या एकनळींच्या तोंडाशी शेवटच्या काही इंचांत नळी किंचित आवळलेली असते. त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोक असलेली बंदूक चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सुमारे सत्तर टक्के छर्रे टाकते, बिनचोकची चाळीसच्या आसपास. तोंडाकडून दोन इंच कापले की तो चोक गेला. म्हणजे सुटसुटीतपणाच्या नावाखाली बंदुकीचा जवळजवळ अर्धा पल्ला कापून फेकला, आणि उरलेले छर्रे आजूबाजूला विखरून जखमी जनावरे मागे ठेवण्याची सोय केली. हे झाले कारागिरीचे. कायद्याचे याहून कडक आहे. शस्त्र अधिनियमाचे कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करण्याला किंवा एका प्रकारच्या शस्त्राचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्याला मनाई करते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आजोबांची वस्तू करवतीखाली घालून नातवाने तुरुंगात जावे, असा सल्ला देणाऱ्याला हितचिंतक म्हणता येत नाही.

दुसरा सल्ला चेंबर कोरण्याचा. इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण यात बंदुका फुटतात. जुन्या विलायती एकनळींचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे पासष्ट मिलिमीटरचे. आज सर्रास मिळणारे काडतूस पावणेतीन इंचांचे, म्हणजे सत्तर मिलिमीटरचे. घोटाळा असा की काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते. न उडालेले सत्तरचे काडतूस दुमडलेले असल्यामुळे पासष्टच्या चेंबरमध्ये खुशाल बसते आणि बंदूक बंदही होते. बार निघताना त्याची दुमड उघडायला जागा शोधते, तिथे चेंबर संपून नळी निमुळती होत असते, आणि छर्ऱ्यांची वाट अरुंद झाल्याने आतला दाब वाढतो. एखाद्या वेळी काही होत नाही. वारंवार केले की बिजागरी ढिली पडते, आणि नळीत गंजाचे खड्डे असतील तर एके दिवशी नळी डाव्या हाताजवळ फाटते. यावर ‘मग चेंबरच पाच मिलिमीटर वाढवा’ हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जिथे दाब सर्वाधिक असतो तिथलीच भिंत तुम्ही आतून पातळ करता.

ज्यांच्या बंदुकीवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे शिक्के आहेत, त्यांनी ते भिंगाने पाहावेत. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३च्या कायद्याने उभे राहिले. जास्तीचा भार भरून नळी उडवून पाहायची आणि टिकली तरच शिक्का मारायचा, ही त्यांची रीत. त्या शिक्क्यांवरून कळते की नळी काळ्या दारूसाठी तपासली आहे की नंतरच्या, धूर न करणाऱ्या नायट्रो दारूसाठी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेढे देऊन, तापवून जोडलेल्या, अंगावर नक्षी दिसणाऱ्या जुन्या नळ्या असतील तर त्यांत आजचे काडतूस घालू नये. ती बंदूक परवान्यावर ठेवावी, दसऱ्याला पुजावी, पण उडवू नये. आणि चेंबर कोरल्यावर तो शिक्का निरर्थक होतो, कारण ज्या नळीची परीक्षा झाली ती नळी आता राहिलेली नसते. विलायतेत अशी बंदूक पुन्हा तपासून घेतल्याशिवाय विकता येत नाही.

जिम कॉर्बेट यांनी ‘जंगल लोअर’मध्ये आपल्या लहानपणच्या एका बंदुकीचे वर्णन केले आहे. ती दुनळी ठासणीची होती. जास्त दारू भरल्याने तिची उजवी नळी फाटलेली होती आणि दस्ता तारेने बांधलेला होता. चालायची ती डावी नळी, म्हणजे व्यवहारात तीही एकनळीच. अतिभार भरला की काय होते हे त्या उजव्या नळीत दिसते, आणि एका बारावर जंगल शिकता येते हे त्या मुलाने दाखवून दिले. हाताशी एकच बार असला की माणूस घाईने उडवत नाही. तो जवळ जायला शिकतो, थांबायला शिकतो, आणि बहुतेक वेळा न उडवताच परत येतो. हे गुण पाच काडतुसांच्या बंदुकीने बिघडतात असे मी म्हणत नाही, पण एकनळी ते शिकायला भाग पाडते.

या पक्षाचे शेवटचे शस्त्र म्हणजे अमेरिका. तिकडे लोक एकनळीवर काय काय बसवतात, असे मोबाइलवर पाहून आपल्याकडे कोणीतरी लेथवाल्याकडे जातो. मग अमेरिकेचेच पूर्ण पाहू. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची हॅरिंग्टन अँड रिचर्डसन ही कंपनी १८७१ पासूनची. तिची ‘टॉपर’ ही एकनळी तिथल्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मूळ कंपनी १९८६ मध्ये बंद पडली, १९९१ मध्ये नव्याने उभी राहिली, आणि २०१५ मध्ये या बंदुकांचे उत्पादन थांबले. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या नळ्या बसवण्याची सोय तिने ग्राहकांना दिली होती, हे खरे. पण त्यासाठी ग्राहकाला सांगाडा कारखान्यात पाठवावा लागे आणि तिथला कारागीर प्रत्येक नळी त्या सांगाड्याला घासून जुळवी. छर्ऱ्याच्या बंदुकीचा सांगाडा आणि रायफलच्या नळ्यांसाठीचा सांगाडा असे दोन प्रकारही तिने वेगळे ठेवले होते. पहिल्यावर रायफलची नळी ती बसवून देत नसे. अमेरिकेतही १९३४च्या केंद्रीय कायद्याने अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला वेगळी नोंदणी लागते. तेव्हा अमेरिकेचे नाव घेऊन कोपऱ्यावरच्या लेथवर नळी नेणाऱ्याने अमेरिका अर्धीच पाहिली आहे.

बदल करूच नये असे माझे म्हणणे नाही. बदलाला दिशा असते. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात ली-एनफिल्ड रायफली बदलून .४१० बोअरच्या मस्केट केल्या गेल्या आणि त्या पोलिसांना दिल्या. दहा गोळ्यांची रायफल घेऊन तिची नळी गुळगुळीत केली, मॅगझिनची जागा बुजवली आणि तिला एकबारी केले. ज्यांना शस्त्राची खरी समज होती त्यांनी गर्दीसमोर उभ्या राहणाऱ्या शिपायासाठी बदल केला तो संयमाकडे नेणारा. आपल्याकडचे हौशी लोक मात्र संयमी बंदूक घेऊन तिला उतावळी करू पाहतात.

योग्य बदल कोणता, तर बंदूक माणसाच्या मापाची करणे. हे काम कोणी फारसे करत नाही आणि सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे. जुने दस्ते एकाच मापाचे येत, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत चौदा इंचांच्या आसपास. उंच माणसाला ते बसते. पण आज कोकणातल्या कितीतरी घरांत पुरुष मुंबईला आहेत आणि शेत बाई सांभाळते आहे, किंवा सत्तरीतला बाप. त्यांना तो दस्ता लांब पडतो, खांद्यावर नीट बसत नाही, गाल लाकडाला लागत नाही, आणि हलक्या एकनळीचा धक्का हाडावर बसतो. कोयत्याची मूठ जशी वापरणाऱ्याच्या मुठीसारखी करून घेतात, तसा दस्ता परवानाधारक कारागिराकडून इंच-सव्वा इंच कमी करून घ्यावा, टोकाला रबराची गादी बसवावी, तोंडाशी पांढरी किंवा पितळेची माशी लावावी म्हणजे संधिप्रकाशात नेम दिसतो. झिजलेली टोचणी आणि मंदावलेल्या स्प्रिंगा नव्या घालाव्यात. बंद केलेली बंदूक उजेडासमोर धरून नळी आणि मागची भिंत यांच्यात फट दिसते का ते पाहावे, आणि दिसली तर ती दुरुस्त होईपर्यंत उडवू नये. जुन्या घोड्याच्या बंदुकीत घोडा खाली असताना तो टोचणीवर टेकलेला असू शकतो, आणि दगडावर आपटली तर बार उडू शकतो. म्हणून चालताना ती उघडीच ठेवावी. काडतूस चेंबरच्या मापाचे आणि हलक्या भाराचे मागावे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि आपल्या बहुतेक बाराबोरची काडतुसे तिथूनच येत आली आहेत. ज्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या ही काडतुसे पुरवली, त्याने जुन्या चेंबरसाठी आखूड, कमी दाबाची काडतुसे नियमित आणि तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचवावीत, ही मागणी नळ्या कोरण्यापेक्षा शतपट शहाणपणाची आहे.

या सगळ्याला कारागीर लागतो, आणि तो संपत चालला आहे. दुसऱ्याचे शस्त्र दुरुस्त करायला कलम ५ खाली परवाना लागतो, तो असलाच पाहिजे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी असा एखादाच म्हातारा माणूस उरला आहे आणि त्याच्या हाताखाली शिकणारा कोणी नाही. परिणाम असा की माणूस बिघडलेली बंदूक तशीच वापरतो किंवा लोहाराकडे नेतो. २०१६च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली, ती चांगलीच आहे. तितक्याच गांभीर्याने दुरुस्तीच्या कारागिरांना परवाने आणि प्रशिक्षण द्यायला हवे.

आणि वारसा. बाप गेल्यावर बंदूक पोलिसांत जमा होते, मुलगा मुंबईहून दहाव्या-बाराव्याला येतो, कागदपत्रांचे नाव काढल्यावर कंटाळतो आणि ती तिथेच सोडतो. पहिल्या पक्षाला अशा सोडलेल्या बंदुका म्हणजे लोकांनाच त्या नको असल्याचा पुरावा वाटतो. तसे नाही, लोकांना वाट ठाऊक नसते. २०१६च्या नियमांतला नियम २५ सांगतो की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या हयातीतच कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रे असू शकतील अशी मर्यादा घातली. विधेयकात मुळात एकच होते, विरोध झाल्यावर दोन झाले. एकनळी घेणाऱ्या बहुतेक वारसांच्या नावावर दुसरे शस्त्रच नसते, त्यामुळे ही मर्यादा त्यांच्या आड येत नाही. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेला परवानाधारक आहे त्यांनी हा अर्ज येत्या भातकापणीपूर्वीच करावा. वारसाने प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घ्यावे. शेतावर खरोखर राहणारी सून किंवा लेक असेल आणि कायद्याने वारस ठरत असेल, तर नाव तिचे सुचवावे, मुंबईतल्या मुलाचे नव्हे. परवाना तिच्या नावावर झाला की मगच, कारागिराकडून चेंबरचे माप लिहून घेऊन, दस्ता तिच्या खांद्याला बसेल असा करून घ्यावा.